मित्राची कादंबरी वाचून झाली, आता पत्र लिहायचंय

चौथा मसुदा

महिनाभर एका मित्राच्या कादंबरीचं हस्तलिखित माझ्या टेबलावर आहे. वाचून झालंय, दोनदा. छापायला जायला अजून अवकाश आहे. त्याचा निरोप आला, "फोनवर काही सांगू नकोस, लिहून पाठव." आम्ही दोघंही लिहितो. दोघांची एकेक कादंबरी छापून आली आहे आणि दोन्ही फारशा कुणी वाचलेल्या नाहीत. (विनय नाही, हिशेब आहे.) त्यामुळे आम्ही एकमेकांचे फार मोलाचे वाचक आहोत.

अडचण अशी की पहिली साठ पानं माझ्या गळी उतरली नाहीत. एकसष्टाव्या पानापासून मात्र कादंबरी अशी पकड घेते की खाली ठेववत नाही. आता हे लिहायचं कसं?

म्हणून कादंबरीकारांनी एकमेकांच्या पुस्तकांवर लिहिलेली पत्रं काढून बसलो. पहिलं आठवलं ते १९२६ सालचं प्रकरण. त्या उन्हाळ्यात अमेरिकन कादंबरीकार फिट्झजेराल्ड आणि हेमिंग्वे दोघंही फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर होते. हेमिंग्वेच्या ‘द सन ऑल्सो रायझेस’ची टंकलिखित प्रत फिट्झजेराल्डने वाचली. उठून जाऊन तोंडावर सांगता आलं असतं, तरी त्याने भलंमोठं पत्र लिहिलं. सार असं की सुरुवात निष्काळजीपणे लिहिली आहे, उगाच नाकं मुरडली आहेत, टोमणे मारले आहेत. हेमिंग्वेने पहिलं प्रकरण आणि दुसऱ्याचा बराच भाग काढून टाकला. ऑक्टोबरात पुस्तक आलं ते थेट रॉबर्ट कोन या पात्राच्या मुष्टियुद्धापासून सुरू होणारं.

तीन वर्षांनी, १९२९ मध्ये, ‘अ फेअरवेल टु आर्म्स’. पुन्हा फिट्झजेराल्डचं पत्र, पुन्हा सूचना. पण तोवर कादंबरी मासिकात क्रमशः छापून यायला लागली होती. हेमिंग्वेने त्या पत्राखाली एक शिवी लिहिली आणि आद्याक्षरांची सही ठोकली. पत्र आणि शिवी, दोन्ही टिकून आहेत.

मग १९३४. ‘टेंडर इज द नाइट’ एप्रिलमध्ये आली. मे महिन्यात फिट्झजेराल्डने काकुळतीने विचारलं, पुस्तक आवडलं का, एक ओळ तरी लिही. हेमिंग्वेचं उत्तर आलं: आवडलं, आणि नाही आवडलं. खऱ्या माणसांवरून पात्रं घेतलीस आणि मग त्यांना त्यांचं नसलेलं आयुष्य चिकटवलंस, ही मुख्य तक्रार. पुस्तक दुकानात आल्यावर या तक्रारीचं फिट्झजेराल्डने करायचं काय?

यावरून माझं मत असं झालंय की छपाईआधीचं पत्र कादंबरीला जातं आणि छपाईनंतरचं पत्र फक्त माणसाला. म्हणजे जे काही लिहायचं ते मला आत्ताच लिहायला हवं, आणि बहुधा न चाचरता. तुम्हाला काय वाटतं? पत्रं वाचणारे इथे बरेच आहेत, म्हणून विचारतोय.


निवांत

वाचनखूण साठवली. त्या शिवीचं शब्दशः भाषांतर इथे संपादक ठेवणार नाहीत, हे बरंच.


शाईदौत

तुमच्या मताला पुस्ती म्हणून अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओकॉनर आणि कॅरोलाइन गॉर्डन. गॉर्डन स्वतः कादंबरीकार, वयाने जवळजवळ तीस वर्षांनी मोठी. ‘वाइज ब्लड’ छापायला जायच्या आधी, नोव्हेंबर १९५१ मध्ये, तिने ओकॉनरला टंकलिखित नऊ पानांचं पत्र पाठवलं, तेही ओळींत जागा न सोडता. ओकॉनर तेव्हा विशीत होती, लुपसच्या आजाराने घरी परतलेली. पुस्तक मे १९५२ मध्ये आलं.

त्या पत्रात ‘सुरेख’, ‘हृदयस्पर्शी’ वगैरे बेगडी शब्दांवर वेळ घालवलेला नाही. कौतुक आहे, भरपूर आहे, पण ते आटोपलं की ती सरळ कामाला लागते. तिचा मला पटलेला मुद्दा असा: पात्रांनी कसंही बोलावं, पण सगळं पाहणाऱ्या निवेदकाने त्यांच्या बोलीत घसरू नये. निवेदकाची भाषा वरच्या पट्टीत राहिली तरच पात्रांच्या बोलीला उठाव येतो. आता, कुठल्याही हस्तलिखितावर हा नियम लावून पाहा. निवेदक आणि पात्रं एकाच सुरात बोलायला लागली की कादंबरी सपाट का होते, ते लगेच दिसतं. (हा नियम मोडून थोर झालेल्या कादंबऱ्याही आहेत, ती यादी काढू नका.)

आणि ओकॉनर १९६४ मध्ये गेली तोवर लिहिलेलं गॉर्डनकडे पाठवतच राहिली. शेवटच्या वर्षी आजारपणातसुद्धा. नऊ पानं वाचून ती दुखावली असती तर हे झालं नसतं.

तेव्हा चौथा मसुदा, ‘साठ पानं गळी उतरली नाहीत’ एवढंच लिहू नका. कुठल्या पानावर, कुठल्या वाक्याला घास अडकला ते लिहा.


उलटटपाली

मूळ मताशी असहमत. छपाईनंतरचं पत्र फक्त माणसाला जातं म्हणता, तर स्टेंधाल आणि बाल्झाक या फ्रेंच कादंबरीकारांचं काय?

स्टेंधालची ‘द चार्टरहाउस ऑफ पार्मा’ १८३९ मध्ये आली. त्याने ती ५२ दिवसांत सांगून लिहून घेतली होती. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १८४० मध्ये, बाल्झाकने स्वतःच्या मासिकात तिच्यावर भलामोठा लेख लिहिला. तेव्हा बाल्झाक म्हणजे कोण, आणि स्टेंधाल म्हणजे इटलीतल्या एका लहानशा बंदरावर वकिलातीची नोकरी करणारा, फारसा कुणी न वाचलेला लेखक. बाल्झाकने त्याला डोक्यावर घेतलं आणि सोबत बदलही सुचवले: सुरुवातीचा भाग काढ, वॉटर्लूच्या लढाईपासून सुरू कर, भाषाशैली घास.

स्टेंधालने उत्तराचे तीन मसुदे केले. त्यात ते प्रसिद्ध स्पष्टीकरण आहे: सूर सापडावा म्हणून मी रोज सकाळी कायद्याच्या संहितेची दोनतीन पानं वाचत असे. म्हणजे बाल्झाक ज्याला शैलीतला दोष म्हणत होता तो यानं मुद्दाम जोपासलेला कोरडेपणा होता. आणि तरीही, हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं, त्यानं छापील प्रतीत कोरे कागद बांधून घेतले आणि बाल्झाकने सांगितल्याप्रमाणे दुरुस्त्या करायला बसला. पुरं झालं नाही. मार्च १८४२ मध्ये तो गेला. आपण आज वाचतो ती मूळचीच कादंबरी.

बरं झालं पुरं झालं नाही ते.


चौथा मसुदा

@शाईदौत, आभार. पानं आणि वाक्यं नोंदवायला घेतली आहेत. पहिल्या पंधरा पानांतच अकरा जागा निघाल्या. आता भीती वाटतेय की मित्राला हे पत्र नाही, दुकानातली यादी वाटेल.

@उलटटपाली, उदाहरण जबरदस्त, पण तो लेख होता, जाहीर. चारचौघांत एवढं कौतुक झाल्यावर कुणीही विरघळेल. खाजगी पत्रात तेच असतं तर स्टेंधाल कोरे कागद बांधून बसला असता का?


उलटटपाली

कदाचित नसता. मान्य. पण मग तुमचा फरक छपाईआधी-नंतरचा राहिला नाही, खाजगी-जाहीरचा झाला.


कोरा कागद

वर सगळे सूचनांबद्दलच बोलताहेत. सूचना नसलेलं पत्रही असतं की.

मेल्व्हिलची ‘मोबी डिक’ १८५१ मध्ये आली, कादंबरीकार हॉथॉर्नला अर्पण केलेली. दोघांची ओळख जेमतेम सव्वा वर्षाची. हॉथॉर्नने ती वाचून मेल्व्हिलला पत्र लिहिलं. ते पत्र हरवलं. त्यात काय होतं हे आपल्याला फक्त मेल्व्हिलच्या उत्तरातून हुंगावं लागतं. तो लिहितो की तुम्हाला पुस्तक समजलं म्हणून मला या क्षणी शब्दांत न सांगता येणारी निर्धास्तता वाटते आहे. मी एक पापी पुस्तक लिहिलं आहे आणि कोकरासारखं निष्कलंक वाटतं आहे.

आणि त्याच पत्रात पुढे विनंती, की पुस्तकाबद्दल कुठे एक शब्दही लिहू नका! हॉथॉर्न तेव्हा नावाजलेला होता, त्याचा एक लेख पुस्तकाला हात देऊन गेला असता. मेल्व्हिलला तो नको होता, ते समजून घेणं त्याला स्वतःपाशीच ठेवायचं होतं. पुस्तक पुढे फारसं खपलं नाही ते सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या मित्राने लिहून पाठव म्हटलं तेव्हा त्याला अकरा जागा हव्या असतील की नाही, मला सांगता येणार नाही. पण एकसष्टाव्या पानाबद्दल तुम्ही इथे एक वाक्य लिहिलंत आणि साठ पानांतल्या जागा मात्र मोजत बसलात. पत्रात उलटं करून बघा.


शिसपेन्सिल

कोरा कागद +१.

सूचना कशी द्यावी याचा माझा आदर्श चेखव. गॉर्कीची पहिली कादंबरी ‘फोमा गोर्देयेव’, १८९९, चेखवलाच अर्पण. त्या वर्षी सप्टेंबरात चेखव त्याला लिहितो की प्रुफं वाचताना नाम-क्रियापदांना लावलेली विशेषणं जमतील तेवढी खोड. आणि लगेच नमुना देतो: ‘माणूस गवतावर बसला’ असं लिहिलं तर लक्षात येतं, थांबावं लागत नाही. उलट उंची, छाती, दाढीचा रंग, गवताचा रंग, ते कुणी तुडवलं, माणूस बसताना कसा बिचकत इकडेतिकडे पाहत होता, हे सगळं एका वाक्यात कोंबलं तर वाचकाच्या डोक्यात चित्र उभंच राहत नाही. गंमत म्हणजे ते वाईट वाक्य चेखवनेच रचलेलं आहे, गॉर्कीचं उचललेलं नाही. समोरच्याचं वाक्य न सोलता त्याचा दोष दाखवला. हे मला फार सभ्य वाटतं.

अवांतर: माझं नाव ज्या पत्रावरून घेतलंय ते तुर्गेनेव्हचं. १८६१ मध्ये तो आणि टॉलस्टॉय असे भांडले की प्रकरण द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत गेलं. पुढची सतरा वर्षं अबोला. १८७८ मध्ये टॉलस्टॉयने आपणहून पत्र लिहून मिटवलं. १८८३ मध्ये मरणाच्या दारात असताना तुर्गेनेव्हने त्याला शिसपेन्सिलीने चार ओळी लिहिल्या: मित्रा, पुन्हा साहित्याकडे वळ. टॉलस्टॉय तेव्हा धर्मचिंतनात बुडाला होता. त्यात कुठल्या पुस्तकावर अभिप्राय नाही, की विशेषणांची खोडाखोड नाही. न लिहिलेल्या पुस्तकांसाठी लिहिलेलं पत्र आहे ते.


आडवातिडवा

हस्तलिखित मित्राला दाखवणं हीच मुळात चूक आहे असं माझं मत. डिकन्सचं बघा. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट त्याने लिहून ठेवला होता, पिप आणि एस्टेला भेटतात, दोन शब्द बोलतात आणि आपापल्या वाटेने जातात. १८६१ च्या जूनमध्ये त्याचा कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनने प्रुफं वाचून हा शेवट बदलायचा आग्रह धरला. डिकन्सने बदलला. मित्र फॉर्स्टरला कळवलं की जमेल तेवढं गोड लिहिलंय, लोकांना हेच रुचेल. फॉर्स्टरने पुढे चरित्रात पहिला शेवट छापला म्हणून आपल्याला कळलं तरी.

बुल्वर-लिटन आज कोण वाचतं? आणि त्याच्या सांगण्यावरून डिकन्सचा शेवट बदलला. हेही छपाईआधीचंच, नाही का.


शाईदौत

दुसरा शेवट इतका वाईट नाहीये हो. त्या शेवटच्या वाक्यात संदिग्धता आहे, ती दोघं एकत्र राहिली की नाही यावर अजून लोक भांडतात. पण मुद्दा कळला.


तळटीप

दोन टिपा, नावाला जागून.

एक. हेमिंग्वेने शेवटी आठवणी लिहिल्या, त्याच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये छापून आल्या. त्यात तो म्हणतो की ‘द सन ऑल्सो रायझेस’ पुन्हा लिहून, कापून प्रकाशकाकडे गेल्यावरच फिट्झजेराल्डने ती पाहिली. पण फिट्झजेराल्डचं पत्र उरलं आहे आणि ते या म्हणण्याशी जुळत नाही. दुसऱ्याने आपली पानं कापायला लावली हे नोबेल मिळाल्यावरही पचत नाही, असं दिसतं. याउलट ‘टेंडर इज द नाइट’बद्दल त्याने नंतर संपादक पर्किन्सला लिहिलं, की मागे वळून पाहताना ती कादंबरी चांगली, आणखी चांगली वाटत जाते. तिसऱ्याला लिहिलं. ज्याने काकुळतीने एक ओळ मागितली होती त्याला नाही.

दोन. हेन्री जेम्स आणि एच. जी. वेल्स यांचं नाव अजून कसं आलं नाही? वर्षानुवर्षं एकमेकांना पुस्तकं पाठवायची आणि जेम्सने लांबलचक, मखमली पत्रांतून वेल्सला हळूच चिमटे काढायचे, असं चालू होतं. १९१५ मध्ये वेल्सने ‘बून’ लिहिलं. त्यात जेम्सची कादंबरी म्हणजे कोपऱ्यात पडलेला वाटाण्याचा दाणा काय वाट्टेल ते करून उचलायला निघालेला पाणघोडा, अशी टर उडवली, आणि ते पुस्तक जेम्सच्या क्लबात त्याच्यासाठी ठेवून आला. जेम्स सत्तरी ओलांडलेला, आजारी. तरी जुलैत त्याने उत्तर दिलं. वेल्स थोडा वरमला, म्हणाला ते पुस्तक म्हणजे कचऱ्याची टोपली होती. पण मला कलावंत म्हणण्यापेक्षा पत्रकार म्हटलेलं आवडेल, हेही लिहिलं. त्यावर जेम्सचं दुसरं पत्र: आयुष्य घडवते ती कलाच, रस आणि महत्त्वही तीच निर्माण करते. पुढच्या फेब्रुवारीत जेम्स गेला.

कादंबरी कशासाठी, या प्रश्नावर मी वाचलेल्या अर्ध्याअधिक पुस्तकांपेक्षा ही तीनचार पत्रं जास्त सांगतात. मैत्री गेली, ते वेगळं.


निवांत

आपल्याकडचं काही? जी. ए. आणि सुनीताबाईंच्या पत्रव्यवहारापलीकडे माझी मजल जात नाही, आणि दोघांपैकी कादंबरीकार कुणीच नाही.


तळटीप

मराठीत कादंबरीकारांचा असा दुहेरी, सलग व्यवहार मी तरी वाचलेला नाही. बंगालीतला एक प्रसंग मात्र सांगण्यासारखा आहे. शरच्चंद्रांची ‘पथेर दाबी’ १९२६ मध्ये पुस्तकरूपात आली आणि सरकारने लगेच जप्त केली. त्यांनी रवींद्रनाथांना निषेध करायची विनंती केली. रवींद्रनाथ म्हणजे ‘गोरा’ आणि ‘घरे बाइरे’ लिहिलेला माणूस. त्यांनी १९२७ मध्ये उत्तर दिलं की पुस्तक प्रक्षोभक आहे, वाचकाचं मन इंग्रज राज्याविरुद्ध करतं, आणि असं लिहायचं तर परिणाम सोसायची तयारी हवी. शरच्चंद्र संतापले. उत्तर लिहिलं. पाठवलं नाही.

न पाठवलेल्या पत्रांचा वेगळा धागा काढायला हवा कुणीतरी.


दुपारचं ऊन

उशिरा येतेय, पण फ्लोबेर आणि जॉर्ज सँडशिवाय हा धागा संपू नये.

सँड (पुरुषी नाव घेतलेली लेखिका) १८०४ ची, फ्लोबेर १८२१ चा. १८६३ ते १८७६, तेरा वर्षं पत्रं. स्वभाव असे उलटे की एका खोलीत कोंडले असते तर तासाभरात भांडले असते. (प्रत्यक्षात ती त्याच्याकडे राहायला जायची आणि छान जमायचं.) तो तिला लिहितो की तुला काय कळणार, एका शब्दासाठी दिवसभर डोकं हातात धरून मेंदू पिळत बसणं म्हणजे काय; तुझ्या कल्पना नदीसारख्या वाहतात. आणि हे खरंच होतं. ती रात्री बसून पानांवर पानं लिहून काढायची, संपली एक कादंबरी की दुसरी घ्यायची.

१८६९ मध्ये ‘सेंटिमेंटल एज्युकेशन’ आली आणि समीक्षकांनी फ्लोबेरला झोडपलं. सँडने जाहीर लेख लिहून त्याची बाजू घेतली. पत्रांत मात्र वर्षानुवर्षं तिचं एकच टुमणं: तू स्वतःला लपवतोस, तुझं तुझ्या पात्रांबद्दल काय मत आहे ते वाचकाला कळू दे. १८७५ च्या अखेरीस ती लिहिते की तू उजाडपण लिहिणार आणि मी दिलासा. तो ऐकत नाही. कलेत लेखकानं दिसू नये, हे त्याचं ठाम. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानेही माघार घेतली नाही.

मग त्याने ‘अ सिंपल हार्ट’ लिहायला घेतली. एका मोलकरणीचं आयुष्य, पन्नाससाठ पानांत. ८ जून १८७६ ला सँड गेली तेव्हा गोष्ट अर्धी झाली होती. पुढच्या वर्षी तिच्या मुलाला त्याने कळवलं की ही मी निव्वळ तिच्यासाठी, तिला आवडावी म्हणून सुरू केली होती, आणि मी मध्यावर असताना ती गेली.

आणि ती गोष्ट वाचा. लेखक त्यात कुठेही दिसत नाही, तत्त्व सोडलेलं नाही. पण माया आहे, आणि ती लपवलेली नाही. म्हणजे सँडची पत्रं ‘सेंटिमेंटल एज्युकेशन’वर होती आणि पोचली भलतीकडेच, सात वर्षांनी.

चौथा मसुदा, तुमच्या आधी-नंतरच्या कोष्टकात ही पत्रं कुठे बसवणार?


चौथा मसुदा

कुठेच नाही. कोष्टक मोडलं, कबूल.

पत्र काल टाकलं. सात पानं झाली होती, पाच ठेवली. अकरा जागांपैकी चार राहिल्या आणि चेखवचं ऐकून त्यांतल्या दोन मी माझ्याच छापील कादंबरीतल्या वाक्यांवरून दाखवल्या. सोपं पडलं, तिथे भरपूर साठा आहे. पहिल्या साठ पानांबद्दल एवढंच लिहिलं की मी त्यांच्याशिवाय एकदा वाचून पाहिलं आणि मला काही चुकलंमुकलं वाटलं नाही. एकसष्टाव्या पानावर मात्र दीड पान झालं. त्यातलं काय ते इथे लिहीत नाही, कोरा कागद यांच्या मेल्व्हिलमुळे.

आता धास्ती.


आडवातिडवा

उत्तर आलं की कळवा. शिवीसकट आलं तरी.


चौथा मसुदा

बारा दिवस झाले, काही नाही. आज मात्र आमच्या दोघांच्या ओळखीच्या एकीचा फोन आला, की त्याने माझा टपालाचा पत्ता विचारलाय. गेल्या वर्षी मी घर बदललं ते त्याला माहीत आहे, नवा पत्ता नाही.

पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचा राहिला होता माझ्याकडून.